पोलादाचा तळहाताएवढा तुकडा

(अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि इतवारीतले काही सराफ यांच्यासमोर तिजोऱ्या बनवणाऱ्या एका निवृत्त कारागिराने नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन.)

हा तुकडा पहिल्या रांगेपासून मागे फिरवा. जड आहे, पायावर पाडू नका. मध्ये एक खड्डा दिसेल आणि त्यात काळपट काहीतरी रुतलेलं. ते ड्रिलचं टोक. हिंगण्याच्या एमआयडीसीत, आमच्या वर्कशॉपमध्ये मीच मोडलेलं. नवा बिट होता, मशीन चांगलं होतं, तुकडा व्हाइसमध्ये पक्का आवळला होता आणि अंगात पंचविशीची रग होती. एवढं करून खड्डा पडला तो नखाएवढा.

तिजोरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जाड दार येतं. दार जाड असावंच. पण ड्रिल घेऊन आलेल्या माणसाला दाराला भगदाड पाडून आत हात घालायचा नसतो. त्याला बोटाएवढं भोक पुरतं, फक्त ते नेमक्या जागी हवं. कुलपाच्या आत पोहोचलं की झालं. कुलूप एकदा हातात आलं की हँडल मालकासाठी जसं फिरतं तसंच त्याच्यासाठीही फिरतं. हँडलला माणूस कळत नाही. म्हणून हा तुकडा कुलपाच्या पुढ्यात बसवतात. आम्ही त्याला हार्डप्लेट म्हणतो. सगळं दारच याचं का करत नाही, असं विद्यार्थी विचारतात. केलं, तर ते उचलायला क्रेन लागेल आणि त्याचे पैसे ठेवायला दुसरी तिजोरी.

हार्डप्लेटचा जुना अवतार आपल्या घरचा आहे, हे नागपुरात फार थोड्यांना ठाऊक असतं. इंग्लंडात शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्डने 1882 मध्ये पोलादात बारा-तेरा टक्के मँगनीज घालून पाहिलं. निघालेलं पोलाद विचित्र होतं. मार खाईल तसा त्याचा पृष्ठभाग कडक होत जायचा, आतून मात्र ते चिवटच राहायचं. त्याला ड्रिल करायला जा, बिट घासतो आणि घासता घासता स्वतःच्याच वाटेतला थर टणक करून ठेवतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बँकांसाठी गोल दाराच्या तिजोऱ्या या पोलादाच्या ओतू लागले. आजही रेल्वेचे रूळ एकमेकांना छेदतात तिथे, आणि गिट्टी फोडणाऱ्या क्रशरच्या जबड्यात हेच पोलाद असतं. गिट्टीखदानला राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि मँगनीज कुठलं? मनसर, कांद्री, गुमगाव, पलीकडे भंडाऱ्यातलं डोंगरी बुजुर्ग. मँगनीज काढणाऱ्या मॉइल कंपनीचं मुख्यालय तर नागपुरातच आहे. रामटेकला जाताना मनसर लागलं की लोकांना गडमंदिर आठवतं, मला तिजोरी आठवते. ज्याची त्याची भक्ती.

तुमच्या हातातला तुकडा मात्र मँगनीजचा नाही, त्याच्या पुढचा आहे. चिक्कीत शेंगदाणे असतात तसे यात टंगस्टन कार्बाइडचे खडे आहेत, चिवट धातूत ओतलेले. बिटची एक धार मऊ धातूत उतरते आणि त्याच वेळी दुसरी खड्यावर आपटते. बिट तिरका होतो आणि मोडतो. नुसता कडकपणा कामाचा नाही, काचही कडकच असते, हातोडीच्या एका घावात तिचा चुरा होतो. कडक आणि चिवट एकाच तुकड्यात नांदवायचे, ही यातली खरी करामत.

काचेचं नाव निघालंच आहे तर सांगतो. हार्डप्लेटच्या मागे आम्ही साधी काच बसवतो. खिडकीला असते तशी. हसा, मीही पहिल्यांदा हसलो होतो. त्या काचेला बारीक तारा बांधलेल्या असतात आणि त्या तारांनी स्प्रिंगचे बोल्ट मागे ओढून धरलेले असतात. कुणी चिकाटीने हार्डप्लेट पार केलीच तर बिट काचेवर येतो, काच फुटते, तारा सुटतात आणि बोल्ट खटकन दाराच्या यंत्रणेत घुसतात. मग कुलूप उघडलं तरी दार उघडत नाही. याला रीलॉकर म्हणतात. काही कारखाने या बोल्टांची जागा प्रत्येक तिजोरीत वेगळी ठेवतात, म्हणजे एक तिजोरी फोडून शिकलेला माणूस दुसरीपुढे पुन्हा अडाणी.

आता आमच्या फजितीची गोष्ट. धनत्रयोदशीच्या आधीचे दिवस होते. इतवारीच्या एका बोळात आमची नवी तिजोरी पोहोचवायची होती. गल्ली एवढी अरुंद की टेम्पो तोंडाशीच थांबला. पुढे पाइपांवरून सरकवत, सब्बलीने रेटत, चार हमाल आणि मी. दुकानाच्या पायरीपाशी फळी कडकन मोडली आणि तिजोरी वीतभर खाली आदळली. वीतभरच. रंगाचा टवकाही उडाला नाही. आत नेली, जागेवर बसवली, मालकाच्या मुलाने कौतुकाने दागिने आत ठेवून दार लावलं. तासाभराने चावी लावली, चावी फिरली, हँडल फिरेना.

मला तेव्हाच कळलं. आदळताना काचेला तडा गेला होता, आणि दार लावल्याच्या धक्क्याने ती आतल्या आत निखळली. चूक कोणाची म्हणाल तर आमचीच. काच आम्ही धातूवर थेट आवळली होती, मध्ये रबराची पट्टी नव्हती. ड्रॉइंग माझ्या हातचं. कुठे काय आहे हे डोळे मिटून सांगू शकत होतो. तरी उघडायला अकरा तास लागले आणि चौदा बिट मोडले. रात्रभर घरातल्या आजी चहा आणून देत होत्या. चौथ्या खेपेला कप ठेवून माझ्याकडे बघत म्हणाल्या, “तुम्हीच बनवली नं बावा हे?”

रबराची पट्टी दुसऱ्या दिवसापासून लागली. ग्राहक मात्र पुढे वर्षभर हीच गोष्ट दुकानात येणाऱ्याला सांगायचा, आणि ती ऐकून आमच्याकडे गिऱ्हाइकं यायची. बनवणाऱ्यालाही रात्रभर उघडत नाही म्हणजे माल चोख!

कुलपाकडे येतो. आपल्याकडच्या चावीच्या तिजोरीत लिव्हर असतात, म्हणजे चावीने वर उचलल्या जाणाऱ्या पट्ट्या. चावीचा प्रत्येक दात आपापली लिव्हर ठरलेल्या उंचीवर उचलतो, सगळ्यांच्या खाचा एका रेषेत आल्या की बोल्ट सरकतो. तार घालून उघडणारा माणूस एकेक लिव्हर बोटांनी चाचपत जातो. त्याला फसवायला लिव्हरवर खोट्या खाचा पाडतात. इंग्लंडातल्या पोर्ट्समथच्या चब यांनी 1818 मध्ये वेगळीच युक्ती केली, लिव्हर गरजेपेक्षा जास्त उचलली गेली तर कुलूप अडकून बसायचं आणि मालकाला कळायचं की कुणीतरी हात लावून गेलंय. 1851 मध्ये लंडनला मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा आल्फ्रेड हॉब्स नावाच्या अमेरिकन कारागिराने ते कुलूप साक्षीदारांसमोर 25 मिनिटांत उघडलं. मग ब्रामा या दुसऱ्या नामांकित कुलूपवाल्यांचं, जे उघडणाऱ्याला 200 गिनींचं बक्षीस लावलं होतं. तेही उघडलं, सोळा दिवसांत मिळून 51 तास खपून. वर्तमानपत्रांनी ब्रामांची अब्रू काढली. माझं मत उलट आहे. परवानगीने, उजेडात, स्वतः बनवलेली हत्यारं घेऊन बसलेल्या उस्तादाला 51 तास लागतात, तर त्या कुलपाने आणखी काय करायला हवं होतं?

तिजोरी मोजतातच मुळी मिनिटांत. अमेरिकेतल्या यूएल या सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत टीएल-15 म्हणजे माहीतगार माणसांनी, ड्रॉइंग वाचून, हत्यारं घेऊन दारावर हल्ला करायचा आणि दाराने 15 मिनिटं टिकायचं. ही मिनिटं हत्यार धातूला लागलेलं असतानाची, बिट बदलताना घड्याळ थांबतं. टीएल-30 म्हणजे तीस. टीआर अक्षरं जोडलेली असली तर गॅस कटरही आला. आपल्याकडे तिजोऱ्यांसाठी आयएस 550 हे भारतीय मानक आहे. अलार्म वाजल्यापासून माणूस पोहोचेपर्यंत किती वेळ लागतो, तेवढी मिनिटं तुम्हाला विकत घ्यायची आहेत. बाकी गिलावा.

गॅस कटरपुढे एकटं पोलाद हरतं, कारण ऑक्सिजनच्या झोतात ते जळतच जातं. म्हणून चांगल्या तिजोरीच्या भिंतीत काँक्रीट असतं, जे जळत नाही, आणि कुठे कुठे तांबं, जे उष्णता एका जागी साचू देत नाही.

आकड्यांच्या कुलपाचं थोडक्यात. तीन चकत्या, प्रत्येकीवर शंभर आकडे, म्हणजे कागदावर दहा लाख जुळण्या. पण खाच थोडी सैल असते. एक आकडा इकडेतिकडे चालला, तर उरतात छत्तीस हजारांच्या आसपास. त्यातही माणूस आपल्या लग्नाची तारीख लावतो. लॉस अलामॉसला, जिथे अणुबॉम्ब बनला, तिथे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी सहकाऱ्याचं गुप्त कागदांचं कपाट अंदाजाने उघडलं होतं. आकडे होते 27-18-28. इथले इंजिनिअर हसले, म्हणजे गणितातल्या ‘ई’ची किंमत, 2.71828, पाठ आहे. तुमच्यापैकी कितीजणांनी आपल्या गाडीच्या नंबरातले एमएच-31 च्या पुढचे चार आकडे लावलेत, ते मी विचारत नाही.

मधल्या रांगेतून चिठ्ठी आली आहे की फायरप्रूफ तिजोरी घेतली तर चोरापासूनही बचाव होतो का. नाही होत, आणि हा गैरसमज महागात पडतो. आगीच्या तिजोरीत पातळ पत्र्यांच्या मध्ये बहुधा जिप्समसारखं भरण असतं. जिप्समच्या वजनाचा पाचवा हिस्सा पाणी. आग लागली की ते पाणी वाफ होऊन निघतं आणि आतला कागद वाचतो. पण भरण भुसभुशीत, पत्रा पातळ. सब्बल पुरे. कागदांसाठी ती घ्या, सोन्यासाठी नको.

दुसरी चिठ्ठी वजनाची. टीएल-15 च्या पाटीसाठी तिजोरी किमान 750 पौंड, म्हणजे साधारण 340 किलो हवी, नाहीतर जमिनीला बोल्टने आवळण्याची सोय हवी. हलकी तिजोरी फोडत कोण बसेल? उचलून नेतील आणि घरी सावकाश फोडतील. बोल्ट स्लॅबमध्ये जायला हवा. टाइलमध्ये आवळून ‘फिट केली’ म्हणणारे मिस्त्री मी पाहिले आहेत.

शेवटचा प्रश्न कोपऱ्यातल्या काकांचा. आजोबांच्या वेळची तिजोरी आहे, तीन चाव्यांची, दार उघडलं की अख्ख्या वाड्याला कळतं, ती काढून टाकू का? काढू नका, काका. पण तिला भिंतीपासून ओढून एकदा मागे जा. जुन्या तिजोऱ्यांचा सगळा थाट दारावर, पाठीला कधी कधी नुसता पत्रा असतो. रुपयाचं नाणं घेऊन पाठीवर वाजवून बघा. ढप्प वाजलं तर आत काहीतरी भरलंय, काय भरलंय ते मी येऊन बघेन. टण्ण वाजलं तर मला फोन करू नका. आधी दागिने लॉकरला हलवा, मग करा.