ऑल्विन: निजामाच्या हैदराबादेतलं चावीचं घड्याळ

नमस्कार मंडळी. जुन्या घड्याळांचा विषय निघाला की एचएमटीच्या जनता, पायलट आणि कोहिनूरवर गाडी अडते. आज त्यांना सुट्टी. आज हे बघा. (डायल कॅमेऱ्याजवळ) ऑल्विन. आणि हे चावीचं आहे बरं का, सेलवालं नव्हे. ऑल्विनचीच सेलवाली 'ट्रेंडी' अजून मिळून जातात, हे मात्र हुडकावं लागतं.

हैदराबाद ऑल्विन ही कंपनी 1942 सालची. निजाम सरकारचा इंडस्ट्रियल ट्रस्ट फंड आणि अल्लादिन कंपनी यांनी मिळून काढलेली. लोखंडी कपाटं, फ्रिज, बसच्या बॉड्या, काय काय बनवायचे! आणि 1942 साली आपला मराठवाडा त्याच संस्थानात होता. पुढं 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान भारतात आलं, 1956 ला आपण मुंबई राज्यात गेलो, ऑल्विन तिकडंच राहिली. म्हणून मला हे घड्याळ बंगलोरच्या एचएमटीपेक्षा जवळचं वाटतं. पक्षपात म्हणा हवं तर.

घड्याळात ऑल्विन उतरली 1981 च्या सुमारास, जपानच्या सीकोचं तंत्रज्ञान घेऊन. आता गंमत ऐका. जगातलं पहिलं क्वार्ट्झ, म्हणजे सेलवालं, मनगटी घड्याळ याच सीकोनं 1969 च्या डिसेंबरात टोकियोत विकायला काढलं होतं. म्हणजे चावीच्या घड्याळाचे दिवस कुणी भरवले असतील तर सीकोनंच. आणि त्यांच्याच हाताला धरून आपण चावीची घड्याळं करायला बसलो! 1987 ला टायटनची क्वार्ट्झ घड्याळं बाजारात आली. ऑल्विन स्वतःही क्वार्ट्झकडं वळली होती, पण नव्वदच्या दशकात सगळाच कारभार आटोपला. चावीच्या ऑल्विनला दिवस मिळाले ते एवढेच.

आता घ्यायचं कसं? संभाजीनगरात जाफर गेटचा रविवारचा बाजार आहे, पण माझं ऐकाल तर जुन्या घडीसाजांचे ड्रॉवर बघा. परभणी, नांदेडकडं दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, "काय शोधायलाव?" सरळ सांगा, बंद पडलेलं दाखवा म्हणून. बंद घड्याळ बऱ्याचदा खरं निघतं. चकचकीत दिसलं की मात्र मला शंका येते.

कारण रिडायल. जुनी डायल खरवडायची, नवा रंग मारायचा, वर नाव छापायचं. हे ओळखायला दहापट भिंग घ्या. (क्लोज-अप) ही अक्षरं बघा, कडा कशा कातरल्यासारख्या आहेत. आणि या दुसऱ्या डायलवर शाई फुटलीये, मिनिटांच्या रेघा आकड्यात घुसल्यात. पहिली डायल पिवळी पडलीये, सहाजवळ डाग आहे. असू द्या! मी तीच घेईन.

मग झाकण उघडायला लावा. लाजू नका, पैसे तुमचे आहेत. स्पेअर मिळत नाहीत म्हटल्यावर कारागीर हाताला येईल ते बसवतो. काटे एकाचे, चावी दुसऱ्याची, कधी आतलं अख्खं मशीनच परकं. सेकंदकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचतो का ते बघा. आखूड असेल तर तो बहुतेक दुसऱ्याच घड्याळाचा.

आणि "सतरा माणकं आहेत साहेब" असं कुणी म्हणालं तर हसून सोडा. घड्याळातले ज्वेल म्हणजे कारखान्यात बनवलेलं कृत्रिम माणिक, किंमत किरकोळ. चाकांच्या टोकांची झीज कमी व्हावी म्हणून ते बसवतात.

भावाचं म्हणाल तर, दुर्मिळ आहे म्हणून वाट्टेल ते मोजू नका. मागणारेच थोडे आहेत. चांगल्या चालू एचएमटीच्या दुप्पट मागितले, तर मी तरी उठून येतो.

घेतल्यावर लगेच भरभरून चावी देऊ नका. वर्षानुवर्षं पडून असलेल्या मशीनमधलं तेल सुकलेलं असतं, कोरडं चालवलं की बारीक टोकं घासून जातात. आधी सर्व्हिसिंग, मग रोज ठरल्या वेळेला चावी. अडेल तिथं थांबायचं. पाण्यापासून लांब ठेवा, अंगणात हात धुतानासुद्धा काढून ठेवा. आणि कारागिराला आधीच बजावा: डायलला हात लावायचा नाही, पॉलिश नको, काढलेला प्रत्येक जुना भाग पुडीत बांधून परत पाहिजे.