प्रत्यारोपण थांबेल, पेशी थांबणार नाहीत

श्रोतेहो, नमस्कार.

मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग, झालेल्या रुग्णांशी आणि त्यांच्या घरच्यांशी आज मला एकाच प्रश्नाविषयी बोलायचे आहे : रुग्णाच्या स्वतःच्या मूळपेशी, ज्यांना आता सगळेच स्टेम सेल म्हणतात, त्या कधी काढून ठेवाव्यात. खानापूर, निपाणी, चिक्कोडी या भागांतील कित्येक रुग्ण आधी कंबरदुखीची औषधे घेत राहतात आणि हिमोग्लोबिन उतरल्यावर किंवा मूत्रपिंडावर परिणाम झाल्यावर या निदानापर्यंत पोहोचतात. उपचार सुरू झाले की काही महिन्यांत दुखणे कमी होते, माणूस पुन्हा शेतात जाऊ लागतो आणि प्रत्यारोपणाचा, म्हणजे मोठ्या मात्रेचे औषध देऊन या पेशी शरीरात परत सोडण्याचा, विषय निघाला की घरातून उत्तर येते, ‘उसाचा हंगाम होऊ दे, मग बघू.’ हे उत्तर सरसकट चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. मात्र त्यात पेशी काढून ठेवणे आणि प्रत्यारोपण करणे या दोन वेगवेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

या प्रत्यारोपणात रोगावर घाव घालते ते मेल्फालान हे औषध, शरीराच्या प्रत्येक चौरस मीटरमागे साधारण २०० मिलिग्रॅम इतक्या मोठ्या मात्रेत. त्या मात्रेने मज्जाही जवळजवळ रिकामी होते, आणि आधी काढून ठेवलेल्या पेशी शिरेतून परत दिल्या म्हणजे १० ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी पुन्हा वाढू लागतात. हे प्रत्यारोपण लगेच करावे की रोग उलटल्यावर, यावर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, ७०० रुग्णांच्या फ्रेंच अभ्यासाने बराच प्रकाश टाकला. लगेच प्रत्यारोपण झालेल्यांत रोग सुमारे ५० महिने आटोक्यात राहिला, तर नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांत ३६ महिने. तरीही चार वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. म्हणून थांबण्याचा विचार वैद्यकीयदृष्ट्या करता येतो. पण त्या अभ्यासात दोन्ही गटांतील रुग्णांच्या पेशी उपचारांच्या सुरुवातीच्या आवर्तनांनंतरच, म्हणजे औषधांच्या पहिल्या काही फेऱ्यांनंतरच, गोळा केल्या होत्या, ही गोष्ट थांबू पाहणाऱ्यांच्या कानावर सहसा जात नाही.

पेशी गोळा करणे लांबवू नये याचे मुख्य कारण आपल्याच उपचारात दडलेले आहे. लेनालिडोमाइड हे औषध या रोगावर फार गुणकारी आहे, परंतु त्याची चार ते सहा आवर्तने झाल्यावर मज्जेतून पुरेशा पेशी रक्तात उतरणे कठीण होत जाते. मेल्फालानच्या गोळ्या आणि कमरेच्या हाडांवरील किरणोपचार यांचाही असाच परिणाम होतो, आणि वाढते वय त्यात आपली भर घालतेच. उलट, निदान होताच घाई करणेही योग्य नाही, कारण तेव्हा मज्जेत रोगाचा भार मोठा असतो. भाताचा तरवा कोवळा उपटून चालत नाही आणि वाफ्यात जून होऊ देऊनही चालत नाही, तसा इथला नेमका काळ म्हणजे साधारण तिसऱ्या ते पाचव्या आवर्तनानंतरचा. त्याआधी लेनालिडोमाइड दोन ते चार आठवडे बंद ठेवतात, म्हणून तारीख आधीच ठरलेली असावी लागते.

प्रत्यक्ष दिवस मात्र रक्ताची तपासणी ठरवते. जी-सी-एस-एफ नावाची इंजेक्शने रोज दिली की पेशी मज्जेतून रक्तात येऊ लागतात आणि बहुधा पाचव्या दिवशी सर्वाधिक मिळतात. या इंजेक्शनांनी हाडे दुखतात. ते दुखणे रोग वाढल्याचे नव्हे. त्या वेळी सीडी-३४ खूण असलेल्या पेशी, म्हणजेच आपल्याला हव्या त्या मूळपेशी, दर मायक्रोलिटर रक्तात २० किंवा अधिक असतील तर काम सहसा सुरळीत होते. त्या १० च्या खाली असतील, तर प्लेरिक्साफॉर हे महागडे इंजेक्शन गोळा करण्याच्या सुमारे अकरा तास आधी, म्हणजे आदल्या रात्री, द्यावे लागू शकते, आणि त्याच्या खर्चाची चौकशी त्या रात्री करून भागत नाही.

काही ठिकाणी जी-सी-एस-एफच्या आधी सायक्लोफॉस्फामाइड देतात. मग पेशी वर येण्याचा दिवस १० ते १४ दिवसांच्या दरम्यान कुठेही पडतो, पांढऱ्या पेशी आधी खूप उतरतात आणि ताप आला तर तासाभरात रुग्णालय गाठावे लागते. कणकुंबी-जांबोटीसारख्या दूरच्या भागातील रुग्णाने, विशेषतः पावसाळ्यात, अशा वेळी घरी न थांबता रुग्णालयाजवळच मुक्काम करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोळा करण्याचे यंत्र रक्त बाहेर घेते, हव्या त्या पेशी वेगळ्या करते आणि उरलेले रक्त परत देते. याला चार ते सहा तास लागतात. ओठांना मुंग्या आल्या तर लगेच सांगावे, कारण रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या द्रवामुळे कॅल्शियम उतरते आणि ते देता येते.

एका प्रत्यारोपणासाठी शरीराच्या दर किलो वजनामागे किमान २० लाख पेशी लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ कोटी. पुढे दुसऱ्यांदा वेळ आली तर असाव्यात म्हणून शक्य तेव्हा याच्या दुप्पट किंवा अधिक काढतात. आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आपल्या देशात बरीच केंद्रे या पेशी न गोठवता सुमारे ४ अंश सेल्सिअसवर दोन-तीन दिवस ठेवतात आणि लगेच वापरतात. ही पद्धत चांगली आणि स्वस्त आहे, पण प्रत्यारोपण पुढे ढकलायचे असेल तर ती उपयोगाची नाही. त्यासाठी पेशी द्रवरूप नायट्रोजनच्या साहाय्याने गोठवून वर्षानुवर्षे सांभाळणारे केंद्रच हवे. तेव्हा बेळगाव, पुणे, मुंबई किंवा बंगळूर, जिथे उपचार ठरतील तिथे पहिल्या आवर्तनालाच विचारा की पेशी गोठवून ठेवण्याची सोय आहे का, वर्षाला त्याचे किती पैसे पडतात, आणि किती पेशी कुठे ठेवल्या हे कागदावर लिहून मिळेल का. रोग उलटेल तेव्हा समोर कदाचित दुसऱ्या गावातले दुसरे डॉक्टर असतील, आणि त्यांना सर्वांत आधी तोच कागद लागेल.