वेग कोणी ठरवायचा?

मित्रहो, ‘स्थलविशिष्ट कला’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. एखादं शिल्प बोटीत घालून बेटावर नेऊन ठेवलं, की झाली स्थलविशिष्ट कला! मला ते पटत नाही. जागेवरून हलवलं की जिचा जीवच जातो, ती स्थलविशिष्ट कला. आणि हा जीव नुसत्या डोंगर-समुद्रात नसतो, तिथं राहणाऱ्या माणसांतही असतो. जपानच्या सेतो अंतर्गत समुद्रातली दोन बेटं यासाठी मी निवडली आहेत.

पहिलं नाओशिमा. तिथल्या होनमुरा वस्तीत सुमारे दोनशे वर्षांचं कादोया नावाचं घर आहे. १९९८ मध्ये तात्सुओ मियाजिमा या कलावंतानं त्या घरातल्या अंधाऱ्या खोलीत उथळ पाणी भरलं आणि पाण्यात आकडे मोजणारे १२५ डिजिटल काउंटर सोडले. एक ते नऊ, पुन्हा एक ते नऊ. प्रत्येकाचा वेग वेगळा. कुणाचे आकडे सरसर पळतात, कुणाचे इतके सावकाश बदलतात की बंद पडले की काय असं वाटावं. हे वेग मियाजिमांनी ठरवले नाहीत. बेटावरच्या पाच ते पंचाण्णव वर्षांच्या १२५ रहिवाशांनी एकेक ठरवला. कलाकृतीचं अगदी मर्मच त्यांनी गावाच्या हातात दिलं! याहून मोठा विश्वास कोणता?

दुसरं तेशिमा. नावाचा अर्थ ‘समृद्ध बेट’, पण जपानभर त्याची ओळख झाली ‘कचऱ्याचं बेट’ अशी. १९७० च्या दशकापासून १९९० पर्यंत तिथं औद्योगिक कचरा बेकायदा टाकला आणि जाळला गेला. बेटकरी वर्षानुवर्षं लढले, तेव्हा कुठे २००० मध्ये सरकारशी तडजोड झाली. मग तो कचरा उपसून बोटीनं जायचा कुठे, तर नाओशिमाला. तिथं तो वितळवून त्याची विल्हेवाट लावली जायची. नऊ लाख टनांहून जास्त माल, २०१७ पर्यंत हे काम चाललं.

हे उपसणं चालू असतानाच, २०१० मध्ये, बेटाच्या दुसऱ्या बाजूला काराटोच्या उतारावर तेशिमा कला संग्रहालय उघडलं. वास्तुरचना र्‍यूए निशिझावांची, कलाकृती रेई नाइतो यांची. आधी मातीचा ढिगारा रचला, त्यावर काँक्रीट ओतलं, ते घट्ट झाल्यावर आतली माती काढून घेतली. खांब एकही नाही. छताला दोन मोठी उघडी भोकं आहेत, त्यांना काच नाही. वारा, पाऊस, पाखरांचा आवाज सगळं सरळ आत. जमिनीतल्या बारीक छिद्रांतून पाण्याचा थेंब वर येतो, थबकतो, शेजारच्या थेंबात मिसळतो आणि एकदम उतारावरून धावत सुटतो. अनवाणी, पायाखाली बघत चालावं लागतं, नाहीतर थेंबावर पाय पडेल.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो. ‘कलेनं तेशिमा वाचवलं’ असं कुणी म्हणालं तर ते खरं मानू नका. बेट वाचवलं बेटकऱ्यांनी. संग्रहालयाभोवतीची भाताची खाचरं पडीक झाली होती. तीही गावकऱ्यांना सोबत घेऊनच पुन्हा लागवडीखाली आणली. नाइतोंचा थेंब पाहून बाहेर आलं, की खालच्या खाचरांत पाणी भाताला लागलेलं दिसतं.