पाटकऱ्याची नात

(दृश्य : पहाट. तलावाची पाळ. पाण्यावर धुकं, पलीकडे धानाच्या बांध्या.)

भंडारा जिल्ह्यात साकोलीजवळ हायवे सोडून आत वळलं की थोड्या थोड्या अंतरावर तलाव लागतात. लोक यांना मामा तलाव म्हणतात. कुणाच्या मामाशी याचा संबंध नाही. माजी मालगुजारी तलाव, सरकारी कागदावर आखडून मा. मा. तलाव, आणि गावाच्या तोंडी मामा.

मालगुजार म्हणजे गावाचा धनी. १९५० च्या कायद्याने त्याची मालकी काढून घेतली आणि ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली. धनी गेला, तलाव सरकारजमा झाला. पण पाणी आधी कुणाच्या बांधीत सोडायचं आणि कुणाचं कधी बंद करायचं, हे बघणारा माणूस लागतच होता. तो पाटकरी.

तलाव त्याचा नाही, धानही त्याचं नाही. पण पाळीला भोक पडलं तर शिव्या त्यालाच.

(दृश्य : अंगणात खाटेवर बसलेले आबाजी. हातात अडकित्ता.)

हे आबाजी पाटकरी होते. त्यांची नात बी.कॉम. झाली आणि आता नागपुरात लोकांच्या इमारती सांभाळायला शिकते आहे. तिचं नाव आम्ही सांगणार नाही, तिनेच नको म्हटलं. "घरी सोयरिकीच्या गोष्टी चालू आहेत," म्हणाली आणि हसली.

आबाजींना आम्ही विचारलं, नात काय काम करते?

"लोकायच्या घरचे नळ पाह्यते म्हणे. त्याच्यासाठी बी.कॉम. कायले लागते, थे तुमीच सांगा."

(दृश्य : साकोलीचं एसटी स्टँड. स्पर्धा परीक्षांच्या क्लासचे फलक.)

या भागात पदवी झाली की पुढची वाट ठरलेली असते. पोलीस भरती, तलाठी भरती, बँकेची परीक्षा. तीही दोन वर्षं त्याच वाटेवर होती. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. पदवीधराला महिन्याला १०,००० रुपये, थेट बँक खात्यात. मुदत सुरुवातीला सहा महिने. हिने नाव नोंदवलं आणि नागपुरातल्या एका कंपनीचा फोन आला. पदाचं नाव होतं ग्रॅज्युएट ट्रेनी, प्रॉपर्टी मॅनेजमेंट.

गावात याचा एकच अर्थ निघाला : पोरगी प्लॉटची दलाली करते.

गैरसमज समजण्यासारखा आहे. पण दलालाचं काम सौदा झाला की संपतं. हिचं काम सौदा होऊन, पेढे वाटून, माणसं राहायला आल्यावर सुरू होतं. लिफ्ट अडकली, टाकीत गाळ बसला, वरच्याच्या न्हाणीघरातून खालच्याच्या देवघरात पाणी आलं, की फोन हिला.

(दृश्य : नागपुरातली चार मजली सोसायटी. हातात किल्ल्यांचा जुडगा.)

पहिले दीड-दोन महिने तिला काहीच शिकवलं नाही. मेंटेनन्सची बिलं दारोदार वाटायची, एवढंच. चार मजले, लिफ्ट बंद. चिडून ती परत जायच्या बेतात होती. पण बिलं वाटता वाटता कुठल्या दारामागे कोण राहतं, कोण पैसे देत नाही आणि का देत नाही, हे तिला पाठ झालं. कंपनीने तेवढ्यासाठीच तसं केलं असेल असं आम्हाला वाटत नाही. बिलं वाटायला माणूस नव्हता, हेच खरं कारण असावं.

खरी शिकवणी पावसाळ्यात झाली. तिसऱ्या मजल्यावर छताला ओल. घरमालक म्हणतो सोसायटीने दुरुस्त करावं, सोसायटी म्हणते वरच्या मजल्याने. तिथला जुना सुपरवायझर तिला घेऊन गेला. शिडी मागवली नाही, मिस्त्रीही बोलावला नाही. फक्त एक प्रश्न विचारला : "हा डाग पाऊस पडल्यावर वाढतो, की रोज?"

रोज वाढत असेल, तर बहुतेक वरच्याच्या न्हाणीघराचा किंवा सिंकचा दोष. तो खर्च त्या सभासदाचा. फक्त पावसात वाढत असेल, तर गच्ची नाही तर बाहेरची भिंत. तो खर्च सोसायटीचा, आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांमध्ये, तसंच आहे. दोन दिवस वरचा नळ बंद ठेवायला सांगितला. डाग सुकला नाही. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि डाग आक्रसला. म्हणजे बाहेरची भिंत.

त्या दिवशी रात्री तिने घरी फोन करून हे सगळं आबाजींना सांगितलं. आबाजी एवढंच म्हणाले, "पाळीचंबी असंच असते."

(दृश्य : कॉम्प्युटरवर हिशेबाचा तक्ता. खिडकीबाहेर पाऊस.)

मग बी.कॉम. कामाला आलं. सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा पैसा, दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के, दुरुस्ती निधी किमान ०.७५ टक्के. थकबाकीवर व्याज ठरलेल्या मर्यादेतच, तेही सरळव्याज. फ्लॅट भाड्याने दिला तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी घरमालकाची. अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत. इमारत १५ वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, ३० ओलांडली की दर तीन वर्षांनी. हे सगळं ती बोटांवर सांगते, पाढे म्हणावे तसं. आणि लगेच म्हणते, "पण हे सांगितल्यावर लोक ऐकत नाहीत. हिशेबाचा कागद लिफ्टपाशी चिकटवला, का मंग ऐकतात."

(दृश्य : जुन्या लंडनमधल्या वस्तीचं कृष्णधवल चित्र.)

या कामाला फार जुनी परंपरा आहे आणि तिच्या मुळाशी एक बाई आहे. १८६५ साली लंडनच्या मेरिलबोन भागात ऑक्टेव्हिया हिल यांनी पडक्या घरांचा कारभार हाती घेतला. घरं विकत घेतली जॉन रस्किन यांनी. अट अशी की गुंतवणुकीवर ५ टक्के सुटले पाहिजेत. हिल दर आठवड्याला स्वतः दारात जाऊन भाडं घेत आणि त्याच वेळी गळती, मोडकं दार, आजारी लेकरू, सगळं बघत. पुढे त्यांनी याच कामासाठी बायकांना तयार केलं. रस्किन म्हणजे तेच, ज्यांच्या लिखाणाने दक्षिण आफ्रिकेत गांधीजी हलले. ते गांधीजी १९३६ मध्ये आपल्या वर्ध्याजवळ सेवाग्रामला येऊन राहिले. धागा लांबचा आहे, पण विदर्भात बसून तो सोडवत नाही.

इंग्लंडात आज या क्षेत्रातल्या पदवीधराला रीतसर वाट आहे. लंडनच्या सर्व्हेयरांची, म्हणजे जमीन-इमारतींच्या जाणकारांची, संस्था १८६८ ची. साधारण दोन वर्षं हाताखाली काम, केलेल्या कामाची नोंदवही, शेवटी परीक्षकांपुढे तोंडी परीक्षा, आणि मग नावापुढे सनद. आपल्या या मुलीची नोंदवही म्हणजे दोनशे पानी रजिस्टर. परीक्षा घेणारे म्हणाल, तर सोसायटीतले निवृत्त साहेब लोक. ते दर रविवारी घेतात.

योजनेची मुदत पुढे पाच महिन्यांनी वाढली. अकरा महिने झाल्यावर काय, याचं उत्तर मात्र योजनेत नव्हतं. राज्यभरातल्या प्रशिक्षणार्थींनी त्यासाठी आंदोलनंही केली. हिला कंपनीने ठेवून घेतलं. हिच्यासोबत लागलेली दोघं गावी परतली, त्यातला एक परत क्लासला जातो. आम्ही त्यालाही बोलतं करायचा प्रयत्न केला. त्याने कॅमेऱ्यापुढे यायला नकार दिला आणि आम्ही आग्रह धरला नाही.

(दृश्य : जूनची पहिली तारीख. गाव. एका ओळीत तीन घरांना कुलपं.)

मृगाच्या आधी ती दोन दिवस गावी आली आहे. गल्लीतली ही तीन घरं बंद असतात. मालक पुण्यात, नागपुरात. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणावरून ड्रोन फिरलं, घराघराची मालमत्ता पत्रकं तयार होऊ लागली. कागदावर मालक पक्का झाला. छपरावरचं कवेलू सरकलं का, भिंतीला वाळवी लागली का, घरपट्टी कोणी भरली का, हे कागद बघत नाही.

मधल्या घराच्या मालकाने तिला पुण्याहून फोन केला. पावसाआधी एकदा घर पाहून देशील का? आणि किती घेशील?

(दृश्य : अंगणात शिडी. ती दुसऱ्या पायरीवर. आबाजी काठी टेकत येतात.)

"काऊन चढून रायली वर?"

"कवेलू पाह्यतो न, आबाजी."

"वरून काय दिसते? खाली उतर. अंदर जाय अन् दार लाव."

(दृश्य : घराच्या आत. दार बंद होतं. काळोख. हळूहळू छतात उजेडाचे ठिपके दिसू लागतात.)

ती मान वर करून उभी राहते. बोटाने मोजते. मग मोबाइलच्या उजेडात रजिस्टर उघडते, तारीख टाकते आणि लिहिते : कवेलू, सात जागी.

बाहेरून आबाजींचा आवाज येतो, "नवाले कमी नसन. परत मोज."