चौकोनाला चौकोन

[दृश्य: गोव्यात पेडण्यातलं सारवलेलं अंगण, चटईवर जुन्या लुगड्यांचा ढीग]

पाऊस ओसरला, ऊन तापू लागलं, की गोधडी शिवायला पेट्या उघडतात. सुती लुगडी, पंचे, नातवंडांची झबली. आजी प्रत्येक कापड उन्हासमोर धरून बघते. जिथून उजेड आरपार येतो, तो भाग बाजूला. उरलेल्याला कडेवर छोटीशी चीर देते आणि हाताने फाडते.

[फाडण्याचा आवाज]

सुती कापड असं फाडलं की धाग्याच्या रेषेतच फाटतं. म्हणून मोजपट्टी नसली तरी कडा सरळ येतात. त्रिकोण कापला तर एक कड तिरकी पडते आणि शिवताना ताणते. चौकोन ताणत नाही, कापडही वाया घालवत नाही. हाताशी कापड थोडं असेल, त्याचा हा आकार.

[दृश्य: जोडणी, जवळून]

सगळ्यांत सोपी जोडणी चारची: दोन गडद, दोन फिके, तिरके समोरासमोर. एका जोडीची शिवण डावीकडे मोडायची, दुसरीची उजवीकडे. मग शिवणी एकमेकींत नीट बसतात आणि मधला बिंदू जुळतो. बोट कुठे दाबतंय, ते बघा.

नऊची जोडणी म्हणजे पाच गडद, चार फिके. अडीच इंचांचा चौकोन, चारही बाजूंनी पाव पाव इंच शिवणीत गेला की दोन इंच उरतो. नवांचा गट सहा इंचांचा. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात मुली शिवण शिकायच्या त्या याच चार आणि नऊच्या जोडण्यांवर. नऊचे गट आणि कोरे चौकोन आलटून पालटून मांडले की गडद तुकड्यांची तिरकी साखळी उमटते. नऊच्या पाच छोट्या गटांत चार कोरे चौकोन घातले की त्याच आकृतीतून दुहेरी नऊ तयार होते.

[दृश्य: वरून दिसणारी खाजन शेतं (खाडीकाठची भातशेतं), बांध]

विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या बौद्ध ग्रंथात, बुद्ध आपल्या शिष्याला, आनंदाला, मगधातली भातशेतं आणि त्यांचे बांध दाखवतात, आणि भिक्षूंचं चीवर, म्हणजे अंगावरचं वस्त्र, तसं तुकडे जोडून करायला सांगतात. इंग्लंडमधली सर्वांत जुनी ज्ञात ठिगळकामाची गोधडी साधारण १७०८ सालची. तिचं कापड भारतातलं छापील सुती. हात तिथले, कापड इथलं!

[दृश्य: पसरलेली सिद्दी गोधडी]

ही घाटापलीकडची, कर्नाटकात उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायांची. पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या लोकांपैकी काही यल्लापूर, हल्याळच्या रानात निसटले. सिद्दींच्या पूर्वजांत ते आहेत. इथे गट आधी जोडत नाहीत. अस्तरावर एका कोपऱ्यातून सुरुवात करायची, तुकड्याची कड आत दुमडायची आणि धावदोरा घालत कडेकडेने फिरत मध्यापर्यंत यायचं. सगळे थर एकाच टाक्यात. शेवटी चार कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांची फुलं. फुलांशिवाय गोधडी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. गोव्याच्या इतिहासातली ही माणसं आपण त्यांच्या टाक्यांतून तरी ओळखायला हवीत.

[दृश्य: बाजारात रचलेली ब्लँकेटं]

ब्लँकेट स्वस्त झालं, लुगडी नेसणं कमी झालं, मऊ सुती कापड मिळेनासं झालं.

[दृश्य: आजीशेजारी नात, हातात सुई]

घरात जुनं सुती लुगडं असेल तर त्यातून नऊ चौकोन फाडा. शिवणारी आजी अजून आहे, तोवर तिच्याजवळ जाऊन बसा.