विंडोजवर चालतं का?

[पडद्यावर टर्मिनल. कर्सर लुकलुकतोय.]

गिट क्लोन, म्हणजे प्रोजेक्टचा सगळा कोड आपल्या मशीनवर उतरवायची कमांड. एंटर. आकडे भराभर पळतात, टक्केवारी शंभरावर पोचते आणि अगदी शेवटी एक ओळ उमटते: 'इनव्हॅलिड पाथ', म्हणजे फाइलचा पत्ता अमान्य.

लिनक्स कर्नलचा, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, सोर्स कोड विंडोजवर उतरवायला गेलं की हे होतं. गाडी अडते ती एका फाइलच्या नावाशी: 'ऑक्स डॉट सी'. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांसाठी असलेल्या नूवो ड्रायव्हरमधली साधी फाइल. पण विंडोजच्या आधीच्या, १९८१ च्या डॉस सिस्टिममध्ये 'ऑक्स' म्हणजे सिरियल पोर्ट, बाहेरची यंत्रं जोडायची खाच, आणि 'कॉन' म्हणजे कीबोर्ड-पडदा. तेव्हा फोल्डर हा प्रकारच नव्हता. १९८३ मध्ये फोल्डर आले, आणि जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून ही नावं प्रत्येक फोल्डरमध्ये राखीव राहिली. चाळीस वर्षं उलटली तरी गिट तिथेच अडखळतं.

कर्नलला दोष देण्यात अर्थ नाही, ते विंडोजसाठी नाहीच. पण त्यामागची सवय ओपन सोर्सच्या, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, इतर प्रोजेक्टांतही दिसते. माझ्या मशीनवर चाललं, म्हणजे चाललं. आणि ते मशीन सहसा लिनक्स किंवा मॅक.

[पायथन पॅकेज बसवताना आलेल्या एररची लांबलचक यादी वर सरकते.]

पायथन या भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना हा पडदा ओळखीचा असेल. सी भाषेतला कोड असलेलं पॅकेज, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला कोडचा गठ्ठा, तयार बिल्डशिवाय बसवायचं, तर आधी सीचा कंपायलर हवा, म्हणजे त्या कोडचं चालणारं रूप बनवणारा प्रोग्रॅम. लिनक्सवर तो एका कमांडचा मामला, विंडोजवर काही जीबींचं डाउनलोड. कितीतरी वर्षं यातून सुटका व्हायची ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइनमधल्या एका संशोधकामुळे. तो शेकडो पॅकेजेस विंडोजसाठी स्वतः बिल्ड करून एका साध्या पानावर ठेवायचा. पानावर ठळक लिहिलेलं: अनधिकृत. प्रयोगशाळेचा निधी संपला आणि २०२२ मध्ये ही सेवा थांबली.

मेंटेनरांची, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यांची, बाजूही खोटी नाही. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला कर्करोग म्हटलं होतं. ते विसरून, लायसन्स विकत घेऊन, रात्री जागून त्याच कंपनीच्या सिस्टिमसाठी फुकट राबायचं कोणी? शिवाय काही अडचणी खरोखर खोल असतात. रेडिस हा डेटाबेस डेटा डिस्कवर लिहिताना फोर्क करतं, म्हणजे चालू प्रोसेसची प्रत काढून लिहिण्याचं काम तिच्यावर सोपवतं. युनिक्सवर, म्हणजे लिनक्स-मॅकच्या घराण्यात, हे स्वस्तात होतं, विंडोजवर तशी सोय प्रोग्रॅमरच्या हाती नाही. मायक्रोसॉफ्टच्याच एका गटाने रेडिसची विंडोज आवृत्ती सांभाळली, पण २०१६ नंतर ती पुढे सरकली नाही.

पण प्रत्येक अडचण फोर्कएवढी खोल नसते. तरी उत्तर ठरलेलं: 'पॅच पाठवा', म्हणजे दुरुस्तीचा कोड तुम्हीच लिहून द्या. आता ज्याच्याकडे प्रोजेक्ट बिल्डच होत नाही, त्याने पॅच तपासायचा कशावर? विंडोजवाले योगदान देत नाहीत ही तक्रार मला म्हणूनच पटत नाही. दार आतून लावून घेतलंय आणि बाहेरच्याला म्हणतोय, ये ना आत.

२०१६ पासून दुसरं उत्तर मिळतं: 'डब्ल्यूएसएल वापरा.' म्हणजे विंडोजच्या पोटात लिनक्स बसवा. सोय झकास आहे, मीही वापरतो. पण ज्याच्या ऑफिसच्या मशीनवर ॲडमिनचे हक्क नाहीत, त्याच्या प्रश्नाला हे उत्तर नव्हे.

वेगळंही घडलंय. नोड, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन, सुरुवातीला युनिक्सपुरतं होतं. २०११ मध्ये सिस्टिमांमधले फरक झाकणारा लिबयूव्ही हा थर आला, मायक्रोसॉफ्टने हात लावला, आणि नोड ०.६ थेट विंडोजवर धावू लागलं.

[एका प्रोजेक्टची सीआय फाइल. एकच ओळ ठळक: उबुंटू-लेटेस्ट.]

सीआय म्हणजे कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणारी व्यवस्था; इथे ती फक्त उबुंटू या लिनक्सवर चालते. या ओळीखाली 'विंडोज-लेटेस्ट' लिहायला मिनिटही लागत नाही. पुढचं काम मात्र वाढतं. कोडमध्ये कुणीतरी तात्पुरत्या फाइलींसाठी 'स्लॅश टीएमपी' हा पत्ता थेट लिहून ठेवलेला असतो, आणि विंडोजवर असा फोल्डर नसतो. पहिल्या रनला जे टेस्ट लाल होतील, त्यातला एक बहुधा याच स्लॅश टीएमपीचा असेल.