मोतीबागच्या फिटरचे वाफेचे इंजिन

वीतभर लांबीचे हे इंजिन माझ्या मित्राच्या आजोबांनी नागपूरच्या महाल भागातील आपल्या घरी, बहुतांशी कानस आणि करवत यांच्या बळावर घडवले. ते मोतीबागच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते आणि ७६२ मिलिमीटर रुंदीच्या नॅरोगेज रुळांवर धावणारी इंजिने दुरुस्त करणे हे त्यांचे रोजचे काम होते. घरच्या इंजिनाचा बॉयलर तांब्याच्या नळीचा, सिलिंडर पितळेचा, तर गतिचक्र शिलाई मशीनचे आहे.

माळ्यावरून काढले तेव्हा दट्ट्या सिलिंडरमध्ये घट्ट बसलेला होता. हातोडी न लावता आम्ही तो चार दिवस रॉकेलमध्ये भिजू दिला. पितळेवर आजोबांनी आखणीसाठी ओढलेल्या बारीक रेघा अजून दिसतात. त्या जाऊ नयेत म्हणून पॉलिश करायचे नाही, असे आम्ही ठरवले.

खरा प्रश्न बॉयलरचा होता, कारण त्याचे सांधे कथील-शिशाच्या डाखाचे (सोल्डरचे) होते. हा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागतो आणि त्याच्या बऱ्याच आधी कमजोर होतो. दर चौरस सेंटिमीटरला २ किलो दाब असताना वाफ सुमारे १३३ अंशांवर असते, पण पाणी आटले तर तांबे पाहता पाहता १८३ अंशांपुढे तापते. शिसे लागलेल्या तांब्यावर जास्त उष्णता सोसणारा चांदीचा डाख नीट धरत नाही, त्यामुळे जुना बॉयलर जसाच्या तसा जपून आम्ही त्याच मापाचा नवा केला. त्याची चाचणी वाफेने नव्हे, तर काठोकाठ भरलेल्या थंड पाण्याने, ४ किलो दाबावर घेतली. पाणी फारसे दाबले जात नाही, म्हणून सांधा सुटलाच तरी स्फोट होत नाही.

तरीही इंजिन फिरेना. झडप हलवणारे विकेंद्रक, म्हणजे आसावर मध्य सोडून बसवलेली चकती, जागेवरून घसरले होते आणि वाफ उशिरा आत शिरत होती. मित्राने ते क्रँकच्या ९० अंशांहून थोडे पुढे बसवून स्क्रू आवळला.

त्या संध्याकाळी गच्चीवर स्पिरिटचा दिवा लावला. सिलिंडर थंड असल्याने सुरुवातीची वाफ आतच निवली आणि पाण्याचे थेंब बाहेर उडाले. मित्राने बोटाने चाक चार-पाच वेळा फिरवले आणि मग त्याला बोट लावावे लागले नाही. स्पिरिट संपेपर्यंत ते अकरा मिनिटे चालले.